जवळचं वन

"काय बाग फुलवलीत!" असं कुणी म्हटलं की दवाखान्याचे माळीकाका कसनुसं हसत. कारण पहिली बाग त्यांनी साफ चुकवली होती. ऊन चांगलं म्हणून पार मागच्या कुंपणाशी गुलाब, जास्वंद, चाफा असं सगळं लावलं. फुलं अशी आली की बघत राहावं. पण बघणार कोण? पायाला प्लास्टर घातलेला माणूस तिथवर जाणार कसा?

एकदा वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना हटकलं, "फाटकावर 'उपवन' रंगवलंय, त्याचा अर्थ माहितेय का?"

"मोठी बाग असेल."

"उप म्हणजे जवळ. जवळचं वन. तुमचं मला खिडकीतूनसुद्धा दिसत नाही हो!"

दुसरा असता तर मनातल्या मनात चार शिव्या हासडून गप्प बसला असता. काकांनी दोन पावसाळ्यांत झाड न् झाड मुळांच्या मातीसकट उचलून वॉर्डाच्या दाराशी आणलं. पायवाटही आधी आखली नाही. रोगी जिथून चालले, गवत जिथं झिजलं, तिथंच विटा बसवल्या. माणूस असावा तर असा!

यंदा त्याच वॉर्डात त्यांची बायको आली. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशन झालं, पण बाई भीतीनं पाय खाली टेकवीना. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. "पंधरा दिवसांत चालल्या नाहीत, तर पुढं कठीण आहे."

घरी जिच्यापुढं ब्र काढायची सोय नाही, तिला सांगणार काय? काकांनी मोगऱ्याची कुंडी आणून खाटेपासून दोन पावलांवर ठेवली.

"इकडं द्या की," ती म्हणाली.

"जड आहे. वास घ्यायचा तर ऊठ."

चिडून का होईना, वॉकर धरून ती उठली. दुसऱ्या दिवशी कुंडी चार पावलांवर. मग दारात, मग व्हरांड्यात. काका सकाळी ती झोपेत असतानाच कुंडी सरकवत आणि आपण फार हुशार, असं समजत.

चौदाव्या दिवशी कुंडी विटांच्या वाटेवर, चाफ्याखाली होती. धापा टाकत ती तिथवर आली आणि बाकावर टेकली.

"अहो, उद्या कुंडी घरीच नेऊन ठेवा."

"का गं?"

"असं पावलापावलानं सरकवत बसलात तर महिना जाईल. त्यापेक्षा मी येते सरळ घरी."

काका खाली वाकून कुंडीतलं तण उपटू लागले. कुंडीत तण नव्हतं.