आग्नेयेचा चौकोन

धाकट्या भावाने इंदिरानगरात बंगला बांधला, तेव्हा फोन करून म्हणाला, "ताई, हॉलच्या मोठ्या भिंतीवर तुझंच चित्र हवं." मी शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी आपले रेषा-चौकोन रंगवत बसायचे. घरातल्या कुणी म्हणून तोवर माझं चित्र मागितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर रडू आलं.

उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी त्यात घातली. सगळीकडे मळकट राखाडी, एक काळी तिरपी रेघ आणि डावीकडे अगदी वर लाल चौकोन. तो आता पडतोय की मग, असं वाटायला हवं होतं. म्हणून तर खाली एवढी जागा रिकामी सोडली होती.

वास्तुशांतीच्या आधी चित्र टांगायला गेले, तर तिथे वास्तुतज्ज्ञ हजर! तेव्हा नाशकात जिथे तिथे हेच खूळ. लोक धडधाकट संडास फोडून दुसऱ्या कोपऱ्यात बांधत होते. गृहस्थांनी टांगलेल्या चित्राकडे पाहून मान हलवली. "लाल वायव्येला? छे छे! अग्नी आग्नेयेलाच हवा."

"अहो, चित्राला कसली आलीय आग्नेय?"

"नकाशात उत्तर वर असते ना? मग खाली उजवीकडे आग्नेय."

धन्य तो भूगोल! भावाने मला न विचारता चित्र फिरवून उलटं टांगलं. माझी सही वर गेली, डोकं खाली पाय वर. भावजय खूश. "आता कसा, सिलिंडरसारखा जागच्या जागी बसला!"

"अरे, उलटं आहे ते!"

"ताई, चौकोनाला कसलं आलंय उलटं-सुलटं?" भाऊ म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरं कुणी बोललं असतं तर सोडून दिलं असतं. पण चित्र मागितलं होतं ते यानेच. मी ते उतरवलं आणि रिक्षात घातलं. तो मागे धावत आला. "अगं, सगळ्यांना सांगून बसलोय मी! भिंतीला काय लावू?"

"बंगल्याचा नकाशा लाव!"

पठ्ठ्याने खरंच लावला. खोल्यांची नावं काढून, रंग भरून, सोनेरी फ्रेममध्ये. वास्तुशांतीला एक पाहुणे त्यापुढे हात जोडून उभे राहिले. "या निळ्या चौकोनात काय शांतता आहे हो!" त्यांचं बोट न्हाणीघरावर होतं.

"आहेच मुळी," भाऊ माझ्यादेखत म्हणाला. "ताईने खास माझ्यासाठी काढलंय."