ग्रॅमताईचं नाक

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा! ग्रॅमताईबद्दल आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझ्या पोटात दुखेल.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही महाडला बारावी सायन्सला. ती आमच्याच वर्गातली, उमरठची, पोलादपूरवरून एसटीने यायची. रसायनाचं गणित दाखवायला गेलं की ती आधी उत्तरच बघायची. "पाच? पाच काय रे? पाच ग्रॅम, पाच लिटर, का पाच शेळ्या?" एकक लिहिल्याशिवाय पुढे बोलायचीच नाही, म्हणून ती ग्रॅमताई! मोलची गणितं अर्ध्या वर्गाला तिनेच शिकवली, स्टँडच्या बाकावर, गाडी लागेपर्यंत. गाडी सुटली तरी खिडकीतून ओरडायची, "हजाराने भाग रे, मिलिलिटर हाय तो!" अख्खा स्टँड आमच्याकडे बघायचा.

एकदा कुणीतरी त्या बाकाखाली सुक्या बोंबलांचं गाठोडं ठेवलं. मी आणि माझा दोस्त दिन्या नाकाला रुमाल लावून बसलो, आणि ही बाई मजेत गणित सोडवतेय!

दिन्या म्हणाला, "अगो, तुला वास नाय येत?"

"नाय. लहानपणी तापात गेला." मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. प्रॅक्टिकलला क्षार ओळखायचे असतात, आणि आमचे सर ते नाकानेच शिकवायचे. हा झोंबतो तो अमोनिया, हा सडक्या अंड्यांसारखा तो हायड्रोजन सल्फाइड. "मला काय कळणार? प्रॅक्टिकलला उडाले तर नर्सिंगचं राहिलंच."

"मग वास कागदाला घेऊ दे की!" दिन्या म्हणाला.

पुस्तकात होतंच ते, आळशी आम्हीच. ओला तांबडा लिटमस निळा झाला की अमोनिया. लेड ॲसिटेटचा कागद काळा पडला की सडकी अंडी. सर शनिवारी लॅब उघडून द्यायचे. तिला एकटं वाटू नये म्हणून आम्ही दोघंही नाक चिमटीत धरून क्षार ओळखायचो. "दिन्या, नाक सोडलंस! फसवतोस मेल्या!" ती ओरडायची. शिपाईमामांनी आम्हाला तसं बघितलं, त्यांना वाटलं काहीतरी गळलं, आणि धावत येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या!

परीक्षेला मी तिच्या शेजारच्याच टेबलावर. बाहेरून आलेले परीक्षक तिच्यापाशी थांबले. "वास कसला आला?"

मी माझं काम सोडून कान टवकारले.

"सर, मला वास येत नाही," ती सरळ म्हणाली. "पण कागद निळा झालाय. अमोनिया हाय."

त्यांनी भुवया चढवल्या, परीक्षानळी घेतली आणि चांगला लांब श्वास ओढला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! "आहे, आहे! अमोनियाच आहे!" खोकत खोकतच त्यांनी सही केली.

ती पास झाली, मुंबईला नर्सिंगला गेली. सोडायला गेलो तेव्हा मला रडूच येत होतं, आणि ही हसतेय. "रडतोस काय रे? वॉर्डात बाकीच्या पोरी नाक मुरडत मागे राहतील नि मी सगळ्यांच्या पुढे!"

तुमच्या वर्गात होतं का हो असं कुणी, सगळ्यांना शिकवणारं आणि एकाच गोष्टीला घाबरणारं? मग तुम्ही काय केलंत? सांगा ना!