मागे फिरलेली ओटी

बेबीताईचा राग अमरावतीच्या अख्ख्या फुलबाजाराला ठाऊक आहे. गिऱ्हाईक हार हातात घेऊन फुलं चिवडायला लागलं की ती हार काढून घेते आणि म्हणते, "देवाले चालते, तुमालेच नाई चालत. राहू द्या." तरी लोक तिच्याकडेच येतात, कारण कालच्या फुलांवर पाणी मारून ती ताजी म्हणून खपवत नाही. नवरा नत्थुजी शहराबाहेरच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती लावतो. त्याचे कान चांगले शाबूत आहेत, पण बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की त्याला अजिबात ऐकू येत नाही. संसार टिकायचा तो असा टिकला.

या रागाला लोक स्वभाव म्हणतात. स्वभाव कसला? पोरवयात ही बाई दोरीत फुलं ओवावीत तशी गाणी ओवत बसायची, असं तिचं माहेर सांगतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती सात महिन्यांची गरोदर होती आणि नत्थुजीच्या लूनावर फुलांची टोपली मांडीवर घेऊन बाजारात चालली होती. खड्ड्यात चाक गेलं, बाई पोटावर पडली. उठली, लुगडं झटकलं, सांडलेला झेंडू गोळा केला आणि म्हणाली, "काई नाई झालं." दिवसभर बसून तिनं हार विकले. संध्याकाळी पोट दगड झालं. सासूनं सुईण बोलावली, सुईणीनं तेल लावून पोट चोळलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत लेकरू गेलेलं होतं. ती स्वतःही जेमतेम वाचली. पुन्हा तिची कूस उजवली नाही. घरातलं कुणी वाईट नव्हतं, सगळ्यांनी मिळून एकच शब्द वापरला, नशीब. तेव्हापासून तो शब्द कुणी उच्चारला की बेबीताईच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या शेवंतीच्या हंगामात तिच्या पुतण्याच्या बायकोला सातवा लागला. पुतण्या गोपाल, म्हणजे थोरली जाऊ जयवंता हिचा मुलगा. दोन्ही घरांचं अंगण एकच. सून प्रतीक्षा अकोल्याची, हसरी आणि कुणालाही नाही न म्हणणारी पोरगी. बेबीताईनं तिला लेकीसारखं धरलं होतं, म्हणजे दिवसातून चार वेळा रागवायची आणि चार वेळा खाऊ घालायची.

पहिलं बाळंतपण माहेरी. प्रतीक्षाचे वडील खुशालराव अकोल्याहून नवी कोरी गाडी घेऊन तिला न्यायला आले. आईचे गुडघे धरलेले, तिला येणं झालं नाही, म्हणून सोबतीला बेबीताईनं अकोल्यापर्यंत जायचं ठरलं. सकाळी पाच सवाष्णींनी ओटी भरली. नारळ, गहू, खण, हळकुंड, सुपारी. पदराची गाठ बेबीताईनंच मारली, घट्ट.

जयवंताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी दोन हुकूम सोडले. पहिला, गाडीतला पट्टा पोटावर बांधायचा नाही, लेकराले दाब बसते. दुसरा, ओटी घेऊन उंबरा ओलांडला की मागं फिरायचं नाही आणि वळून पाहायचंही नाही. "ओटी मागं फिरली त लेकरू रस्त्यात हरपते. आमच्या सासूबाईनं सांगतलं होतं."

प्रतीक्षाला मागे बसलं की मळमळायचं, म्हणून ती पुढे बसली. पट्टा नाही म्हणून गाडी टुंग टुंग वाजायला लागली. तेव्हा बेबीताईनं मागून हात घालून पट्टा पोरीच्या पाठीमागून घेतला आणि खाचेत अडकवला. गाडी गप्प झाली. सगळे खूश झाले. हे बेबीताईनं आपल्या हातानं केलं, आणि त्याबद्दल ती आजही स्वतःला जे बोलते ते इथं लिहिण्याजोगं नाही.

बडनेरा मागे पडून फार वेळ झाला नव्हता. पुढे संत्र्यांच्या कॅरेटांनी भरलेला छोटा हत्ती टेम्पो चालला होता. रस्त्यात म्हैस आडवी आली, टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला. खुशालराव त्या वेळी नवी गाडी किती शांत चालते ते सांगत होते. त्यांचा पाय उशिरा पडला आणि गाडी जाऊन टेम्पोच्या मागच्या फळीवर आदळली.

धडक मोठी नव्हती. बॉनेट वाकलं, एक दिवा फुटला, चार कॅरेटं सांडली. पण प्रतीक्षा पोटासकट पुढच्या डॅशबोर्डवर जाऊन आपटली. पाठीमागे अडकवलेला पट्टा जागच्या जागी शाबूत होता.

खुशालराव खाली उतरले आणि आधी बॉनेट पाहिलं. मग छोट्या हत्तीच्या ड्रायव्हरची गचांडी धरायला गेले. तो कुर्बान, पन्नाशीचा, दाढी पिकलेला माणूस. तो म्हणत होता, "भाऊ, म्हैस होती ना. मी काय करतो?" लोक जमले आणि जमल्याबरोबर न्यायाधीश झाले. गाडीत पोरगी आहे, तिचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

बेबीताईनं पुढचं दार उघडलं. प्रतीक्षाच्या कपाळाला खरचटलं होतं. ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "काई नाई झालं काकू."

लूनावरून पडल्यावर बेबीताईही हेच म्हणाली होती. तिनं पोटावर हात ठेवला. पोट कडक होतं. ती थांबली, सैल पडेल म्हणून वाट पाहिली. पडलं नाही.

"लेकरू हालते?"

"मघा हालत होतं," प्रतीक्षा म्हणाली. "आता... झोपलं असन."

"दुखते?"

"पाठीत थोडं. काकू, बाबांले नोका सांगू, ते घाबरतीन."

बाप तिकडे दिव्याच्या काचा गोळा करत होता. बेबीताईनं जाऊन त्याचा दंडच धरला. "भाऊ, गाडी वळवा. पोरीचं पोट कडक झालं. अमरावती जवळ हाय."

खुशालराव चपापले. मग त्यांचं शहाणपण परत आलं. "धक्क्यानं आखडलं असन. अकोल्याले आपली डॉक्टरीण ठरलेली हाय, तिथंच दाखवू. अन् ओटी भरून निघालेली पोरगी मागं कशी नेता? थांबा, विचारतो." त्यांनी जयवंताबाईंना फोन लावला. फोनमधून जयवंताबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मागं फिरू नका, लेकराले धोका हाय, थोडं हळदीचं दूध पाजा आणि हळूहळू अकोल्याले न्या.

खरं सांगायचं तर क्षणभर बेबीताईचाही पाय अडखळला. ती काही कुणी सुधारक नव्हे. शनिवारी ती नखं काढत नाही, आणि गाठ तिनं स्वतः मारली होती. लेकरू खरंच रस्त्यात हरपलं तर? पण तिचं लेकरू मागे न फिरताच हरपलं होतं. तेव्हा कुठली ओटी आडवी आली होती?

तिनं प्रतीक्षाच्या पदराची गाठ दातांनी सोडली. नारळ, गहू, खण, सगळं खुशालरावांच्या उपरण्यात ओतलं.

"ही घ्या ओटी. हिले न्या अकोल्याले, मागं फिरवू नोका. पोरगी मी घेऊन चालली."

खुशालराव उपरणं धरून तसेच उभे राहिले. गहू सांडू नये म्हणून त्यांना हातही हलवता येईना.

कुर्बान आतापर्यंत शिव्या खात उभा होता. तो पुढे आला. "माही गाडी चालू हाय, बाई. अँबुलन्सची वाट पाहत बसलो त तेवढ्यात शहर येते. पोरीले पुढं डाव्या कुशीवर टेकवा." ज्याची गचांडी धरली होती त्याच्याच गाडीत पोरगी बसली. बेबीताई मागे संत्र्यांच्या कॅरेटांत उभी राहिली आणि रस्ताभर कुर्बानला, रस्त्याला, म्हशीला आणि देवाला सारख्याच आवाजात बोलत राहिली.

शहराच्या तोंडाशी पहिला दवाखाना लागला तो काचेचा, चकचकीत. टेबलामागच्या मुलीनं अपघात म्हणताच मान हलवली. "अॅक्सिडेंटची केस आम्ही घेत नाही. पोलीस केस होते. आधी ठाण्यात कळवा, नाहीतर सरकारीत न्या."

प्रतीक्षा भिंतीला टेकली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. आता मात्र बेबीताईचा बांध फुटला.

"ठाणेदार पोटाले कान लावून लेकराचं ऐकणार हाय काय? मले कागद नाई पायजे, शिक्का नाई पायजे. फक्त लेकराचे ठोके ऐका अन् सांगा. तेवढं नाई जमत त बाहेरची पाटी उतरवा."

"मावशी, बाहेर थांबा."

बेबीताई बाहेर गेली नाही आणि आतही आली नाही. ती काचेच्या दारात मध्येच उभी राहिली. आपोआप सरकणारं दार येऊन तिच्या खांद्याला लागायचं आणि परत जायचं. येणारे बाहेर अडकले, जाणारे आत. गलका झाला तशी आतून एक डॉक्टरीण बाहेर आली. बेबीताईकडे तिनं पाहिलंही नाही. तिनं भिंतीला टेकलेली पोरगी पाहिली, पोटावर हात ठेवला आणि टेबलामागच्या मुलीला एवढंच म्हणाली, "स्ट्रेचर."

ठोक्यांच्या यंत्राचा आवाज दाराबाहेर ऐकू येत होता. घोडा दौडावा तसा तो यायला हवा. तो थकलेल्या माणसासारखा थांबत थांबत येत होता. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "बाहेर रक्ताचा थेंब नाही, पण आत वार सुटायला लागली आहे. रक्त आत साचतंय. बाळ आता काढावं लागेल. पट्टा लावला नव्हता का?"

"मीच पाठीमागून अडकवला," बेबीताई खालच्या आवाजात म्हणाली. तिचा असा आवाज अमरावतीत कुणी ऐकलेला नाही.

"पट्टा पोटावरून नाही, पोटाच्या खालून घ्यायचा, मांड्यांवरून," डॉक्टरीण जाता जाता म्हणाली. "आणि दुसरा छातीवरून. पाठीमागून कधीच नाही."

बेबीताईचा फोन मिळून गोपाल धावत आला तोवर ऑपरेशन सुरू झालं होतं. मुलगी झाली. मूठभर जीव, रडण्याची ताकद नाही, पण श्वास घेत होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. प्रतीक्षाला रक्त चढवलं. कुर्बाननंही दिलं, कुणी मागायच्या आत.

मग खुशालराव पोचले, वाकलेल्या बॉनेटसकट. मागोमाग जयवंताबाई. डॉक्टरीण बाहेर आली आणि घरचा कर्ता पुरुष दिसला म्हणून त्यांनाच म्हणाली, "वेळेवर आणलंत. अकोल्यापर्यंत गेला असतात तर अवघड होतं."

खुशालरावांनी घाम पुसला. "हो ना मॅडम. म्हणून त मी लगेच गाडी वळवली."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. जयवंताबाईंनी तेवढ्यात काचेच्या पेटीकडे पाहून डोळ्याला पदर लावला. "सातव्यातच आली बिचारी. मी सांगत होती, ओटी मागं फिरवू नोका."

म्हणजे पोरगी वाचली ती खुशालरावांमुळे आणि लवकर आली ती बेबीताईमुळे. बेबीताईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिनं विचारलं, "भाऊ, ओटी कुठं हाय?"

"गाडीत हाय, सांभाळून ठेवली."

ती खाली गेली. गाडीतला नारळ काढला आणि दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांदेखत फोडला. ओटीचा नारळ असा फोडत नाहीत, जयवंताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पहिला तुकडा तिनं कुर्बानला दिला. "गाडी यानं वळवली," ती खुशालरावांना म्हणाली. "तुमी अकोल्यात काय सांगाचं ते सांगा, मी अमरावतीत हेच सांगीन."

ती सांगते आहे अजून, हार ओवता ओवता, गिऱ्हाईकानं विचारो न विचारो. जयवंताबाई तिच्याशी बोलत नाहीत. ओटी फिरवणारी म्हणून गल्लीत सवाष्णींच्या पाचांत तिला आता कुणी धरत नाही. प्रतीक्षाची मुलगी तिच्या दुकानात झेंडू कुस्करत रांगते, तिला मात्र बेबीताई काही बोलत नाही.

परवा गल्लीतल्या केशरबाईच्या सुनेची ओटी होती. बोलावणं नव्हतं. दारात गाडी उभी राहिली, पोरगी ओटी घेऊन पुढे बसली, गाडी टुंग टुंग वाजायला लागली. केशरबाईनं पट्टा धरून पोरीच्या पाठीमागे ढकलला.

बेबीताई अर्धा ओवलेला हार दुकानातच टाकून आली. तिच्या मागे प्रतीक्षा, कडेवर लेक. बायका बाजूला झाल्या. बेबीताईनं पट्टा ओढून पुढे घेतला, एक पदर पोटाच्या खालून मांड्यांवर बसवला, दुसरा छातीवरून, आणि खाचेत खटकन दाबला.

"बाई, ओटीच्या वेळी कायले..." केशरबाई म्हणाली.

बेबीताईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती पोरीला म्हणाली, "वाटेत ठेच लागली, धक्का बसला, पोट कडक झालं, त दवाखाना ज्या बाजूले असन त्या बाजूले फिर. मागं असन त मागं. अन् काई नाई झालं म्हणू नोको. म्हणशीन त माह्याशी गाठ हाय."

गाडी निघाली. उंबरा ओलांडल्यावर वळून पाहायचं नसतं. पोरगी मान वळवून मागच्या काचेतून बेबीताईकडे पाहत राहिली, आणि प्रतीक्षानं लेकीचा हात धरून तिला टाटा करायला लावला.