गर्दी ओसरल्यावर

जहाज बंदराला लागलं की आमच्या मराठी मंडळाची माणसं बूट घालून, टोप्या चढवून उतरायच्या दारापाशी जाऊन उभी राहायची. नलूकाकू त्या वेळी सपाता घालून बफेकडे निघालेल्या असायच्या. "आता कसं, टोस्टपाशी रांग नाही," असं म्हणत त्या दुसरा चहा घ्यायच्या आणि खिडकीशी बसून खालच्या धक्क्यावरची झुंबड बघायच्या. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू तेवढ्यासाठीच तिकीट काढलं होतं.

अमेरिकेत नेपरव्हिलला काकू आमच्या समोरच्या घरात राहायच्या. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा टेक्ससला. डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की आमच्याकडची मराठी कुटुंबं बर्फातून पळ काढून फ्लोरिडाला जातात आणि तिथून कॅरिबियनचं जहाज पकडतात. काकू दर वर्षी यायच्या. अडचण एवढीच, की सगळ्या अमेरिकेला त्याच आठवड्यात सुट्टी असते. एकेका चिमुकल्या बेटावर तीन-चार प्रचंड जहाजं एकदम येऊन टेकतात आणि धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यावर काकूंचं म्हणणं ठरलेलं असायचं, "बंदर कुठं पळून जात नाही. जहाज जातं, तेवढं लक्षात ठेवायचं." त्या स्वतः मात्र दुपारचं जेवण उरकून, पहिली उतरलेली मंडळी पिशव्या घेऊन परतायला लागली की निघायच्या, जवळच कुठेतरी निवांत बसायच्या आणि भोंग्याच्या पुष्कळ आधी परत यायच्या. मंडळातली माणसं त्यांना लाडानं आळशी म्हणत. त्या ते आनंदानं मान्य करत.

आई गेली त्या वर्षी मी बाबांना नाशिकहून आणलं होतं. मी त्यांची एकुलती एक. ते आमच्याकडेच राहावेत असं मला फार वाटत होतं. पण बाबा पाहुण्यासारखे राहत होते. खोलीबाहेर फारसे येत नसत, आईचं नावही काढत नसत. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेला माणूस, पाणी बघून तरी खुलेल, या आशेनं आम्ही त्यांना जहाजावर नेलं.

पहिल्याच बंदरात घोळ झाला. आपल्या लोकांची एक सवय आहे, सगळे जमल्याशिवाय कोणी हलायचं नाही. तेही चांगलं, पण जमायचं कुठे, तर धक्का जिथे सगळ्यात अरुंद होतो तिथे. कोणीतरी सनस्क्रीन विसरलं म्हणून परत गेलं होतं आणि आमचा तीसेक जणांचा घोळका त्याची वाट बघत भर रस्त्यात उभा होता. मागून चार जहाजांची माणसं लोटत होती, पुढून टॅक्सीवाले हाका मारत होते. मी मुलीची टोपी बांधायला वाकले, उठून बघते तर बाबा नाहीत.

ते टॅक्सीच्या रांगेपलीकडे एका कठड्यावर सापडले. गर्दीनं नेलं तिकडे गेले होते. टोपी हातात, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुझी आई असती तर हात सुटला नसता." त्यानंतर ते केबिनमध्ये जे शिरले ते जेवायलाही आले नाहीत. मी खूप विनवल्यावर म्हणाले, "मला नाशिकला जाऊ दे. परतलो की तिकीट बघ." त्या बंद फ्लॅटमध्ये ते एकटे काय करणार होते? एकदा गेले की पुन्हा यायचे नाहीत, हे मला स्वच्छ कळत होतं.

मी डायनिंग हॉलमध्ये काकूंजवळ रडले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, वाढलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "उद्या त्यांना उतरा म्हणून कुणी आग्रह करायचा नाही. तू पण उतरू नकोस. मला पत्त्यांना तिसरा भिडू लागेल."

दुसऱ्या दिवशी जहाज सेंट थॉमस बेटाला लागलं. माझा नवरा मुलीला घेऊन मंडळाबरोबर सकाळीच गेला. काकूंनी बाबांच्या केबिनचं दार वाजवलं आणि पाच-तीन-दोन खेळायला माणूस कमी पडतोय अशी तक्रार केली. बायकांची अडचण म्हटल्यावर बाबांना नाही म्हणता येईना. वरचा डेक ओस पडला होता. काकूंनी घरून आणलेल्या चिवड्याचा डबा मध्ये ठेवला आणि आम्ही खेळायला बसलो. काकू इतकं वाईट खेळायच्या, की बाबांना दोनदा त्यांचा हुकूम बदलून द्यावा लागला. खाली धक्क्यावर सकाळची दाटी चालली होती. तिकडे बाबांची नजर गेली की ते आखडायचे.

काकूंनी ते पाहिलं असावं. पत्ते पिसता पिसता, आमच्याकडे न बघताच त्या बोलायला लागल्या. "हे गेले ना, भाऊ, त्यानंतरच्या संक्रांतीला मला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. इकडे बोलावतात सगळ्यांना. पण कोणाच्या मनात काय असेल, सांगता येतं का? चार बायकांसमोर त्या पोरीची पंचाईत नको, म्हणून मी मुद्दाम उशिरा गेले. सगळ्या जाऊन घर रिकामं झालेलं. पोरगी सोफ्यावर पाय पसरून बसली होती. मला बघून उठली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला, चहा टाकला. आम्ही दोघी रात्र होईपर्यंत गप्पा मारत होतो. त्या दिवशी तिच्या घरी जर कोणाचं खरं आदरातिथ्य झालं असेल, तर ते माझं. त्यानंतर मी गर्दीत कुठे गेलेच नाही. सगळ्यांबरोबर नाही जमलं, म्हणजे आपलं जाणंच संपलं, असं नसतं हो."

बाबा हातातली पानं बराच वेळ नुसती लावत राहिले.

जेवणं झाल्यावर काकूंनी डबा बंद केला. "चला भाऊ, गर्दी ओसरली. यजमानीण मोकळी झाली असेल." आणि बाबा उठले. मी मागोमाग चालत होते. धक्क्यावर माणसं होती. पण सुटी सुटी, आणि सगळी आमच्या उलट दिशेनं येणारी. बाबा एका ठिकाणी थांबून जहाजाचे दोर कसे बांधलेत ते बघायला लागले. पाहता पाहता काकूंना दोर समजावूनही देऊ लागले. काकूंनी चुकीचे प्रश्न विचारून ते व्याख्यान आणखी लांबवलं.

पाण्याकाठच्या रस्त्यावर एक बाई शहाळी विकून सामान आवरत होती. आम्हाला बघून तिनं उरलेली शहाळी फोडून दिली आणि स्वतःची खुर्ची बाबांकडे सरकवली. गिऱ्हाईक संपलेलं, ती आमच्याशी बोलत बसली. तिनं बाबांना विचारलं, बायको नाही का आली? मी घाईनं विषय बदलणार, तोच काकूंनी माझा हात दाबला. बाबा इंग्रजीत म्हणाले, ती यायला हवी होती. मग मराठीत सांगू लागले, आई समुद्राला कशी भ्यायची, लग्नानंतर दोघं मुरुडला गेली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत धरून वाळूतच कशी उभी राहिली होती. आईबद्दल बोलताना ते रडले, हसले आणि पुन्हा रडले. मीही रडले. त्या शहाळेवालीला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ती उठली नाही.

बाबांनी तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही. ते राहिले. आज माझी मुलगी त्यांच्याशी मोडक्या मराठीत भांडते आणि ते तिच्याशी मोडक्या इंग्रजीत. हे सुख माझ्या घरात आहे ते नलूकाकूंमुळे. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटणारे नाहीत.

गेल्या वर्षी काकू आजारी पडल्या तेव्हा बाबा रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसत. शेवटच्या आठवड्यात एकदा मीही होते. काकूंचा आवाज अगदी बारीक झाला होता. मी त्यांचा हात हातात घेऊन, इतकी वर्षं नीट न म्हटलेलं सगळं म्हटलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं.

"अगं, मी काय केलं? मी तर नुसती बसले होते."

बाबा उशाशी होते. त्यांनी काकूंचं पांघरूण सारखं केलं.

"नलूताई," ते म्हणाले, "तेवढंच तर कोणी करत नव्हतं."