'माहीत नाही' म्हणणाऱ्या गावाला दुसऱ्यांदा

नव्वदच्या दशकाचा शेवट. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होते, तात्पुरत्या नेमणुकीवर. पीएच.डी. हाती आली तरच नोकरी कायम होणार होती. विषय: आमदार आणि डोंगरी भागातला मतदार. टायपिंग संपत आलं आणि मार्गदर्शक सर म्हणाले, "नियम म्हणजे नियम. पडताळणीसाठी एका गावात जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारून या." म्हटलं चला, तेवढीच सहल.

शहरातल्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी, तासाभरात घोटी. स्टँडबाहेर मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. जीपवाला पाच रुपयांत फाट्यावर सोडायचा, पण माणसं कोंबल्याशिवाय हलायचा नाही. मग अर्धा तास चढ, दोन्हीकडे भाताची खाचरं. गावाचं नाव मात्र सांगणार नाही.

सखूमावशींच्या (हे नावही खरं नाही) ओट्यावर बसले. वर्षापूर्वी त्यांचा सर्वेक्षणाचा फॉर्म मीच भरला होता. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी पुढ्यात आली. मी विचारलं, "आमदारांनी विधानसभेत तुमच्या भागाचा प्रश्न मांडला का?"

"मागल्या टायमाला मला काय आलं होतं?"

"आलं होतं म्हणजे?"

"तुमी येनार कळलं तवा आदल्या दिशी समदे देवळात बसलो ना. कुनी काय सांगायचं ते वाटून घेतलं. समदे सारखंच बोलले तर तुमाला खोटं वाटलं असतं. बायांना 'माहीत नाय' दिलं. त्याच्यावर फुडं कोन इचारत नाय."

माझं अख्खं चौथं प्रकरण त्या 'माहीत नाही'वर उभं होतं: डोंगरातल्या बायकांना विधानसभा ठाऊकच नाही.

"पण असं का केलंत?"

"मागं एक जन असेच कागद भरून गेला. ज्यांनी आमदाराला नावं ठिवली, त्यांची नावं वर पोचली. त्यांच्या वस्तीला अजून रस्ता नाय."

"मग खरं उत्तर काय?"

"मांडला की, बंधाऱ्याचा. मंत्री म्हनला बघतो. मंग आमचा जो गप बसला, तो बसलाच." त्यांनी आणखी अर्धी भाकरी वाढली. "हे लिवू नका."

परतीच्या जीपमध्ये त्यांच्या नव्या फॉर्मवर मी 'माहीत नाही'वरच खूण केली.

इंदिरानगरला घरी पोचून सरांना फोन लावला, गावात उत्तरं आधीच वाटून घेतली होती एवढं सांगितलं. नियमवाले सर म्हणाले, "एक गाव वगळा, कोण बघतंय?" पण बाकीची गावंही अशीच देवळात बसली नसतील कशावरून? मी ते चौथं प्रकरणच काढून टाकलं. प्रबंध लांबला, नोकरी दुसऱ्याला मिळाली. वाईट वाटलं, अजून वाटतं. त्याहून जास्त लाज याची वाटते, की त्या बायका मला जेवू घालताना जोखत होत्या, विचार करून गप्प बसत होत्या. आणि मी त्यांना अडाणी म्हणून टाइप करून ठेवलं होतं.