दवाचे तीन लिटर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही मुंबईबाहेर तुळिंजला चौथ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नव्हती. बोअरचं पाणी मचूळ. त्यात डाळ सात शिट्ट्या झाल्या तरी शिजत नसे. गोडं पाणी खालच्या नळाला सकाळी दहानंतर पाऊण तास यायचं. तेव्हा मी मुंबईला कामावर आणि मुलं शाळेत, त्यामुळे दहा लिटरची कळशी बायकोच चढवायची. दिवसाला दोन खेपा. त्या हिवाळ्यात तिची कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही, आणि उचलावंच लागलं तर एकदाच.

मी आठवडाभर पाणी मोजलं. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला तेरा लिटर. म्हणजे दुसरी खेप फक्त तीन लिटरसाठी होती.

कुठल्यातरी कोरड्या देशात डोंगरावर जाळी टांगून धुक्याचं पाणी धरतात, असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. आमच्याकडे धुकं कमी, पण डिसेंबरात गच्चीचा कठडा सकाळी ओला असायचा. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या पाचूबंदरच्या मावशींकडे मी जुनं जाळं मागितलं.

"दादा, जाल्यान पानी धरनार?" त्या टोपली खाली ठेवून हसल्या. "आमी मासली धरतो न् पानी सोरून देतो!"

जाळं त्यांनी दिलं. मी ते तीन वेळा धुतलं आणि रात्रभर गच्चीवर टांगलं. सकाळी चारशे मिलिलिटर पाणी निघालं. बायकोनं एक घोट घेऊन चूळ भरली.

"अहो, हे तर बोंबलाचं सार झालं. धुतलं कशात होतंत?"

बोअरच्या पाण्यात. खारं जाळं मी खाऱ्या पाण्यात धुतलं होतं.

मग एक चौरस मीटर स्वच्छ प्लॅस्टिक तिरकं बांधलं. दीडशे मिलिलिटर. चार रात्री मोजलं, आकडा थोडा इकडेतिकडे. या हिशेबानं तीन लिटरला वीस चौरस मीटर लागणार होते. तेवढी जागा गच्चीवर होती, पण तिथे शेजारच्या काकूंचे कपडे वाळायचे.

"भाऊजी, आता आभाळाला मीटर लावणार का?" त्या म्हणाल्या. पण सूर्य उगवायच्या आत सगळं गुंडाळून ठेवीन म्हटल्यावर दोऱ्या मोकळ्या करून दिल्या.

पहिल्या दिवशी दोन लिटर तीनशे. थेंब प्लॅस्टिकलाच चिकटून राहत होते. मी उतार वाढवला, संध्याकाळी धूळ पुसू लागलो आणि पहाटे धुतलेल्या सुती फडक्यानं थेंब खाली लोटू लागलो. पन्हळीतून पातेल्यात, पातेल्यावर दुहेरी कापड. नवव्या दिवशी मापाच्या भांड्यात तीन लिटर शंभर भरले.

मी ते पातेलं ओट्यावर ठेवलं. "आज दुसरी खेप नको."

"तुमचं माप बरोबर आहे ना?"

"तूच मोज."

तिनं खरंच मोजलं. तांब्यानं, माझ्यासमोर. मग म्हणाली, "पिणार नाही हं मी हे. डाळीला घालते."

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती भिंतीला न टेकता उभी राहून पोळ्या लाटत होती. कितीतरी दिवसांनी तिला तसं पाहिलं. मी काही विचारण्याआधीच तिनं सांगितलं, "एकदाच गेले. आणि डाळ तीन शिट्ट्यांत लोणी झाली."

दव रोज पुरलं नाही. वारा सुटला की भांडं कोरडंच राहायचं. फेब्रुवारीअखेरपर्यंत बासष्ट दिवस मोजले, त्यांतल्या चव्वेचाळीस दिवशी तीन लिटर भरले. उरलेल्या अठरा दिवशी तिनं दुसरी खेप करू नये म्हणून काकू आपल्या हंड्यातून तीन लिटर द्यायच्या. माझ्याच मापाच्या भांड्यानं, काठोकाठ. उन्हाळा लागेपर्यंत बायकोची कंबर बरीच सुधारली होती. प्लॅस्टिकची घडी घालायला आम्ही दोघं गच्चीवर गेलो, तेव्हा चौथ्या मजल्यावरून वरचा जिना ती कठडा न धरता चढली.