झाकणावरची ओळ

पुण्याच्या एका कंपनीने माझ्या कारागिराला फसवले. सही त्याची दाखवली आणि त्याचे लिहिणे दडवले.

सगळे त्यांना मामा म्हणत. कुठलाही भाग हातात आला की आधी त्यावर अंगठ्याचे नख ओढायचे. "नखाला लागतंय, मालक." मग मोजायचे यंत्रही तेच सांगायचे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्यापुढे यंत्राला खाली बघावे लागते.

बीडजवळ माझी शेड आहे. धातूची भुकटी वितळवून, थरावर थर देऊन छापलेले भाग खरखरीत येतात. लेसरने त्यांची वरची कातडी वितळवली की ते गुळगुळीत होतात. मामा पूर्वी पितळी भांडी घासायचे. नेकनूरहून एसटीने यायचे. लेसर आठ दिवसांत शिकले. मी भाव करताना टेबलावर हात आपटायचो, तेव्हा म्हणायचे, "टेबलावर कावून राग काढताय?"

त्या पुण्याच्या कंपनीकडून कृत्रिम पायाचे गुडघे आले होते. चार नंबरच्या गुडघ्यावर लेसर फिरताच बुडबुडा फुटून खळगी पडली. दुसऱ्या फेरीत बुजली.

"वरून बुजली. आत हायच, मालक."

"मामा, आपलं काम वरचं."

"भार तर आख्खा माणूस टाकणार की."

तपासणीचा कागद इंग्रजीत. त्यात विचारले होते एवढेच की पृष्ठभाग गुळगुळीत आहे का. मामांनी सही केली. शेरा मात्र नेहमीप्रमाणे मराठीत, खोक्याच्या झाकणावर मार्करने: 'चार नंबर आत पोकळ. कुणाला लावू नये.' ही पद्धत मीच चालू दिली होती. खोका गाडीत मीच ठेवला. म्हटले, वाचतील.

तोच चार नंबर एका माणसाला लावला गेला आणि जिन्यात मोडला. माणूस पडला, त्याचा धड पायही गेला. कंपनीने सहीचा कागद पुढे केला. झाकण? "पॅकिंग आम्ही ठेवत नाही."

मामांनी एकच विचारले, "त्याला लेकरं हायेत का?" मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

तीनदा नेकनूरला गेलो. मामी दारातच सांगतात, "बोलत न्हाईत कुणाशी. भाकर बी मोडत न्हाईत नीट." आतून खोकल्याचा आवाज येतो. मी ओरडून भांडणारा माणूस; त्या दारातून हळूच परत फिरतो.

पुण्यात तो खोका कंपनीत माल घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातांनी उघडला. त्या माणसाला मराठी वाचता येते. माझ्याशी फोनवर तो मराठीतच मेसेज लिहून घासाघीस करायचा. त्याने नेकनूरला यावे, मामांसमोर बसावे आणि सांगावे: ती ओळ वाचून चार नंबर पुढे का पाठवला?